नागपूरहून मालदीव, सहा जण, पाच रात्री: ऑल-इन्क्लुझिव्ह घ्यावं का?

प्रश्न असा आहे: नागपूरचं सहा जणांचं कुटुंब. आजी-आजोबा सत्तरीच्या आसपास, नवरा-बायको, मुलं 11 आणि 5 वर्षांची. चौघं पूर्ण शाकाहारी, दारू घेणारा एकच, तोही कधीमधी. दिवाळीच्या सुट्टीत मालदीवच्या मोठ्या रिसॉर्टमध्ये पाच रात्री राहायचं आहे. एजंट म्हणतो, "ऑल-इन्क्लुझिव्ह घ्या, डोक्याला ताप नाही." म्हणजे जेवण-पेयं सगळं एकाच दरात धरलेला हा प्लॅन घ्यावा का, आणि आणखी काय बघावं?

आधी सरळ उत्तर. तुमच्या घरासाठी मी ऑल-इन्क्लुझिव्ह घेणार नाही. तिन्ही वेळचं जेवण असलेला फुल बोर्ड घेईन, आणि जेवणाच्या टेबलावरचं पिण्याचं पाणी फुकट असल्याचं लेखी मागेन. बेट विमानतळापासून स्पीडबोटीने 45 ते 60 मिनिटांच्या आतलं निवडेन आणि समुद्रावरच्या व्हिलाऐवजी वाळूवरचा बीच व्हिला घेईन. या प्रत्येक गोष्टीला कारण आहे, आणि पाहुणे नेमके तिथेच फसतात.

मालदीवमध्ये एका बेटावर एकच रिसॉर्ट असतो. गोव्यात हॉटेलचं जेवण नाही आवडलं तर रस्ता ओलांडला की दुसरं काहीतरी मिळतं. इथे रस्ता ओलांडला की समुद्र. पाण्याची बाटली, मुलाचा ज्यूस, डोकेदुखीची गोळी, सगळं त्या एकाच मालकाकडून त्याच्या भावाने घ्यायचं. म्हणून इथे जेवणाच्या प्लॅनचा निर्णय खोलीच्या निर्णयापेक्षा मोठा आहे, आणि म्हणूनच ऑल-इन्क्लुझिव्ह हा शब्द इतका खपतो.

आपल्याकडचे एजंट ईपी, सीपी, एमएपी, एपी अशी जुनी भाषा वापरतात: फक्त खोली, नाश्ता, नाश्ता आणि एक जेवण, तिन्ही जेवणं. मालदीवच्या दरपत्रकात हेच रूम ओन्ली, बीबी, हाफ बोर्ड आणि फुल बोर्ड असतं. हाफ आणि फुल बोर्डमध्ये अन्न येतं, पेय बहुतेक ठिकाणी येत नाही. रात्रीच्या बुफेत बसल्यावर वेटर पाण्याची बाटली उघडतो आणि तिचं बिल खोलीवर चढतं. नाश्त्याचा चहा-कॉफी-ज्यूस दरात असतो, पण दुपारच्या जेवणानंतरची कॉफी नसते. पाच दिवसांच्या शेवटी बिल फुगतं ते याच लहान लहान गोष्टींनी.

ऑल-इन्क्लुझिव्हमध्ये ही पेयं येतात, पण "ऑल" म्हणजे नेमकं काय हे प्रत्येक रिसॉर्ट स्वतः ठरवतो. सर्वसाधारणपणे मुख्य बुफे, ठरावीक बारमधली ठरावीक ब्रँडची दारू (ग्लासने, बाटलीने नाही), सॉफ्ट ड्रिंक, चहा-कॉफी आणि इंजिन नसलेले खेळ, म्हणजे कयाक, पॅडलबोर्ड वगैरे, मिळतात. कधी एखादी बोटीची सहलही असते. लॉबस्टर, खास रेस्टॉरंट, स्पा, जेट स्की, स्कूबा डायव्हिंग, खोलीवर मागवलेलं जेवण हे बहुतेक बाहेरच राहतं. मिनीबार कुठे रोज भरतात, कुठे एकदाच, कुठे त्यात फक्त पाणी आणि सॉफ्ट ड्रिंक. आणखी एक अट बुकिंगच्या वेळी कोणी सांगत नाही. एका खोलीतल्या सगळ्या मोठ्या माणसांना एकच प्लॅन घ्यावा लागतो. बाबांसाठी ऑल-इन्क्लुझिव्ह आणि आईसाठी फुल बोर्ड असं सहसा चालत नाही. दारूला हात न लावणाऱ्यांचे पैसे इथे वाया जातात.

आता आकडे. हे नमुन्याचे आहेत, तुमच्या रिसॉर्टचे घालून पुन्हा करा. समजा फुल बोर्ड आणि ऑल-इन्क्लुझिव्हमधला फरक माणशी रोजचा 75 डॉलर, सगळे कर धरून. चार मोठी माणसं, पाच दिवस: 1,500 डॉलर. मुलांचं तूर्तास सोडा. आता फुल बोर्डवर सुट्टं घेतलं तर काय लागेल? रोज पाण्याच्या 4 बाटल्या 6 डॉलरच्या, म्हणजे 24. चहा-कॉफीचे 6 कप 5 डॉलरचे, म्हणजे 30. सरबत किंवा ज्यूस 4, 8 डॉलरने, म्हणजे 32. एक कॉकटेल 14. बेरीज 100. यावर सेवा शुल्क आणि कर चढून साधारण 129, पाच दिवसांचे 644. मुलांची रोज सॉफ्ट ड्रिंकसारखी दोन-दोन पेयं धरली तर करासकट आणखी साधारण 180. एकूण 824 डॉलर. फुल बोर्ड जवळजवळ 675 डॉलरने स्वस्त पडतो, आणि टेबलावरचं पाणी फुकट मिळालं तर त्याहून स्वस्त.

हेच गणित उलटतं कधी? दोन माणसं रोज तीन-तीन कॉकटेल घेणारी असतील तर आकडा 1,274 पर्यंत जातो. त्यात सहा जणांची 60 डॉलरची एक सहल प्लॅनमध्ये फुकट असेल, तर तिचे करासकट 463 वाचतात, म्हणजे सुट्ट्या खर्चाचा आकडा 1,737 होतो आणि ऑल-इन्क्लुझिव्ह जिंकतं. दारू घेणाऱ्या मित्रांच्या गटाला किंवा दिवसभर तरणतलावाकाठी बसणाऱ्या जोडप्याला ते खरंच परवडतं. तुमच्या घराला नाही. काही रिसॉर्ट दारू वगळून फक्त सॉफ्ट ड्रिंकचा प्लॅन देतात. तो माणशी रोज 25-30 डॉलरच्या आत मिळाला तर डोळे मिटून घ्या.

हाफ बोर्डच्या मोहात मात्र पडू नका. "उशिरा भरपेट नाश्ता करू, दुपारचं भागेल" हा हिशोब मोठ्यांचा आहे. पोहून आलेलं पोर दोन वाजता भुकेने रडतं, आणि तेव्हा मागवलेला पास्ता किंवा सँडविच 20-30 डॉलरचं पडतं. दोन मुलांसाठी पाच दिवस असंच चाललं तर फुल बोर्डचा फरक तिथेच निघून जातो.

दर वाचताना आकड्यामागे दोन अधिक चिन्हं आहेत का ते बघा. "400 प्लस प्लस" म्हणजे 400 वर 10 टक्के सेवा शुल्क, 440. आणि त्यावर पर्यटन जीएसटी. तो 1 जुलै 2025 पासून 17 टक्के आहे, म्हणजे एकूण 514.80 डॉलर. वर ग्रीन टॅक्स वेगळा. रिसॉर्टमध्ये तो 1 जानेवारी 2025 पासून माणशी प्रत्येक रात्री 12 डॉलर झाला, आधी 6 होता. दोन वर्षांखालच्या बाळाला माफ, तुमच्या पाच वर्षांच्या मुलाला नाही. सहा जण, पाच रात्री: 360 डॉलर. बऱ्याच पॅकेजमध्ये हे 360 धरलेले नसतात आणि निघताना काउंटरवर मागितले जातात. एजंटकडून एकच आकडा घ्या: सगळे कर, ग्रीन टॅक्स आणि बोटीचं येणं-जाणं धरून सहा जणांचा अंतिम आकडा. सीताबर्डी, धरमपेठ, रामदासपेठेत तीन ठिकाणी विचारलंत तर तिघांकडून याच एका चौकटीत घ्या. नाहीतर तुलनाच होत नाही.

भारतातला करही विसरू नका. परदेशी पॅकेजवर एजंट जीएसटी लावतो आणि टीसीएस (बिलाबरोबरच आगाऊ घेतलेला आयकर) कापतो. 2025-26 या आर्थिक वर्षात टीसीएस 10 लाखांपर्यंत 5 टक्के होता. हा दर अर्थसंकल्पात बदलतो, म्हणून बुकिंगच्या दिवशीचा दर विचारा. टीसीएस हा खर्च नाही, तो आयकरात वळता होतो. पण ज्यांच्या पॅनवर कापला त्यांच्याच 26एएसमध्ये (आयकर खात्याकडच्या करजमेच्या नोंदीत) दिसतो. म्हणून बुकिंग विवरणपत्र भरणाऱ्या माणसाच्या पॅनवर करा. आजोबा विवरणपत्र भरत नसतील तर त्यांच्या पॅनवर कापलेले पैसे परत मिळवायला फक्त त्यासाठी विवरणपत्र भरावं लागेल.

खोल्या. सहा जण एका व्हिलात मावत नाहीत. बहुतेक व्हिलांची कमाल मर्यादा तीन मोठी माणसं किंवा दोन मोठी आणि दोन मुलं अशी असते. दोन व्हिला घ्यावेच लागतील. 11 वर्षांचं मूल आजी-आजोबांच्या खोलीत आणि धाकटं तुमच्यात अशी वाटणी सगळ्यात सोयीची. मुलांच्या सवलतीही दोन्ही खोल्यांमध्ये लागू होऊ शकतात (पण "12 वर्षांखालच्यांचं जेवण मोफत" ही सवलत फक्त आई-वडिलांच्या खोलीतल्या मुलाला आहे की कोणाही मोठ्यांबरोबर, हे आधी विचारा). व्हिला शेजारी-शेजारी हवेत हे बुकिंगमध्ये लिहून घ्या. 200 व्हिलांच्या बेटावर एक खोली या टोकाला आणि दुसरी त्या टोकाला मिळाली, तर आजी-आजोबांना प्रत्येक जेवणाला बग्गीची वाट बघत बसावं लागतं.

समुद्रावरचा व्हिला फोटोत छान दिसतो. पण त्याच्या डेकला अनेकदा कठडा नसतो, आणि खाली सरळ पाणी. पाच वर्षांच्या मुलाला घेऊन तिथे पाच दिवस डोळ्यात तेल घालून बसावं लागतं. काही रिसॉर्ट लहान मुलांना अशा व्हिलात घेतच नाहीत, काही पालकांकडून जबाबदारीच्या कागदावर सही घेतात. शिवाय पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या शेवाळाने निसरड्या असतात, आजीसाठी तेही नको. बीच व्हिलातही पश्चिमेकडचा की पूर्वेकडचा ते बघा. सूर्यास्ताच्या बाजूच्या खोल्या महाग असतात आणि दुपारी जास्त तापतात. मुलांसाठी उथळ खाजण (किनाऱ्यालगतचं शांत पाणी) कोणत्या बाजूला आहे, हा प्रश्न सूर्यास्तापेक्षा महत्त्वाचा.

आता प्रवास, कारण निम्मी बुकिंगं इथे बिघडतात. नागपूरहून मालेला, म्हणजे मालदीवच्या राजधानीला, थेट विमान नाही. मुंबई किंवा बंगळुरूहून जावं लागतं. बंगळुरू-माले साधारण दोन तास, मुंबई-माले पावणेतीन तासांच्या आसपास. नागपूर-मुंबई आणि मुंबई-माले ही दोन वेगळी तिकिटं घेतली असतील तर पहिलं विमान उशिरा आल्याची जबाबदारी दुसरी कंपनी घेत नाही. सामान पुन्हा घेऊन पुन्हा टाकावं लागतं. मुंबईत देशांतर्गत विमान टर्मिनल 1 वर उतरलं तर आंतरराष्ट्रीय टर्मिनल 2 ला रस्त्याने जावं लागतं. वेगळी तिकिटं असतील तर मध्ये चार तास ठेवा, किंवा सरळ आदल्या रात्री मुंबई-बंगळुरूला मुक्काम करा. एकाच तिकिटावर दोन्ही विमानं मिळाली तर दीड-दोन हजार जास्त मोजायला हरकत नाही.

लांबच्या बेटांवर नेणाऱ्या सी-प्लेनचं (पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानाचं) आकर्षण समजतं, पण तुमच्यासाठी मी ते टाळेन. ते फक्त दिवसाउजेडी उडतं. मालेला तुमचं विमान दुपारी साडेतीनच्या सुमारास उतरलं नाही तर त्या दिवशीचं सी-प्लेन चुकतं, आणि रात्र माले किंवा शेजारच्या हुलहुमाले बेटावर स्वतःच्या खर्चाने काढावी लागते, रिसॉर्टची पहिली रात्र फुकट जाते. परतीचं विमान सकाळी लवकर असेल तरी हीच अडचण उलट्या बाजूने येते. सामानाची मर्यादा 20 किलो आणि हातात 5 किलो. विमानाला 30 किलो चाललं म्हणून इथे चालत नाही, जास्तीच्या वजनाचे दर किलोमागे पैसे द्यावे लागतात. जाण्या-येण्याचं भाडं मोठ्या माणसाला साधारण 400 ते 600 डॉलर. वेळ आदल्या संध्याकाळी कळते, लाउंजमध्ये दोन-तीन तास बसावं लागू शकतं, वाटेत दुसऱ्या बेटांवरही उतरतं. आत एसी नाही, आवाज प्रचंड. आणि त्यात चढताना हलणाऱ्या धक्क्यावरून अरुंद शिडीने चढायचं असतं. गुडघे दुखणाऱ्या माणसाला हे विचारूनच ठरवा.

स्पीडबोट रात्रीही चालते आणि स्वस्त पडते. पण नोव्हेंबरच्या सुरुवातीला समुद्र पूर्ण शांत झालेला नसतो. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचा पावसाळी हंगाम मे ते नोव्हेंबर, कोरडा हंगाम डिसेंबर ते एप्रिल. दिवाळी मधल्या काळात येते: दर डिसेंबरपेक्षा कमी, पण एखाद-दोन दिवस सरी आणि लाटा धरून चालायच्या. बोटीचा पुढचा भाग लाटेवर आपटतो आणि तो धक्का थेट पाठीच्या मणक्यात बसतो. आजी-आजोबांना मागच्या बाकांवर बसवा, तिथे उसळी कमी. बोट लागत असेल तर गोळी निघण्याआधी अर्धा-पाऊण तास घ्यायची असते, नंतर उपयोग होत नाही. पण वयस्कर माणसांना या गोळ्यांनी खूप झोप येते आणि काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर त्या चालत नाहीत, म्हणून नागपुरातल्या तुमच्या डॉक्टरांना विचारूनच.

कागदपत्रांत भारतीयांना आधी व्हिसा काढावा लागत नाही, प्रवेश पोहोचल्यावर मिळतो, फुकट. त्याआधी इमुगा नावाचा ऑनलाइन फॉर्म भरायचा, प्रवासाच्या 96 तासांच्या आत, प्रत्येकाचा वेगळा, लहान मुलांचासुद्धा. तोही फुकट आहे. पैसे मागणाऱ्या वेबसाइट सरकारी नाहीत. पासपोर्टची मुदत परतीनंतर किमान 6 महिने शिल्लक ठेवा. इथे मोठ्यांचे पासपोर्ट ठीक निघतात आणि मुलांचे अडतात, कारण मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षं चालतो. थोरल्याचा आजच काढून बघा.

सामानातल्या बंदी घातलेल्या गोष्टी आपल्या घरांच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. दारू नेता येत नाही, ड्यूटी फ्रीची बाटलीसुद्धा नाही. ती कस्टम्स ठेवून घेतं आणि परत जाताना देतं. व्हेपला पूर्ण बंदी आहे. आणि पूजेच्या मूर्ती न्यायला बंदी आहे. आजी प्रवासात देवघरातला बाळकृष्ण किंवा गणपती सोबत नेत असतील तर त्यांना आधीच सांगा आणि मूर्ती घरी ठेवा. सामानाच्या तपासणीत देवाची मूर्ती बाजूला काढली गेली तर त्यांचा सगळा प्रवास मनाला लागून जाईल. रोजच्या गोळ्या हातातल्या पिशवीत, मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह. झोपेच्या किंवा जोराच्या वेदनाशामक गोळ्या असतील तर चिठ्ठी हवीच.

शाकाहाराबद्दल लोक विचारतात, "मिळेल ना?" मिळतं. मोठ्या बुफेत डाळ, भात, एखादी भाजी, सॅलड, फळं, पाव रोज असतात, आणि स्वयंपाकघरात भारतीय किंवा श्रीलंकेचे लोक बहुतेक असतात. अडचण न दिसणाऱ्या मांसाहाराची आहे. नाश्त्याला "मस हुनी" नावाचं किसलेलं खोबरं-कांदा-मिरचीचं मिश्रण ठेवलेलं असतं, दिसायला आपल्या ओल्या खोबऱ्याच्या कोशिंबिरीसारखं. त्यात ट्यूना मासा असतो. श्रीलंकेच्या काउंटरवरच्या "पोल सांबोल" या लाल खोबऱ्याच्या चटणीत वाळवलेल्या माशाचा चुरा असतो. चायनीज काउंटरवरच्या परतलेल्या भाज्यांत ऑयस्टर किंवा फिश सॉस. सीझर सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये मासा. मूस, पन्ना कोटा, मार्शमॅलोमध्ये जिलेटिन. बीफ आणि पोर्क बुफेत असतं, त्यावर पाटी असते. पण चमचे एका भांड्यातून दुसऱ्यात जातात. उपाय साधा आहे. निघण्याच्या आठवडाभर आधी रिसॉर्टला ईमेल करा: चार जण शाकाहारी, अंडं-मासा-जिलेटिन नको, रोज एक डाळ आणि पोळी हवी. पोहोचल्यावर पहिल्याच जेवणाला शेफला भेटा. मोठ्या रिसॉर्टमध्ये पूर्ण मुक्कामात एकच टेबल आणि एकच वेटर ठरवून देतात. त्याला हे नीट सांगितलं की रोज रोज सांगावं लागत नाही, तो स्वतःच ताट वेगळं आणतो. कांदा-लसूण नको असेल तर मात्र बुफेवर विसंबू नका, तसं वेगळं शिजवून मागा.

तर्री पोहे आणि सावजीच्या गावातल्या जिभेला बुफेचं जेवण तिसऱ्या दिवशी सपक लागतं. शेंगदाण्याची चटणी, तिखट-मिठाच्या पुऱ्या, चिवडा घेऊन जा, वजन मोजून. लोणचं तेलाचं असल्याने मोठ्या बॅगेत, दुहेरी पिशवीत. ताजी संत्री नको, संत्रा बर्फी चालेल. खोलीत बहुतेक किटली असते: चहापत्ती, साखर आणि दुधाची पावडर नेली तर आजोबांचा पहाटेचा चहा आणि दुपारचे ते 5 डॉलरचे कप दोन्ही सुटतात. प्लग ब्रिटिश तीन चौकोनी पिनांचा असतो, अडॅप्टर इथूनच घ्या.

आता ऊन. "आम्ही नागपूरचे, 45 अंश सोसतो," हे ऐकलं की काळजी वाटते. आपलं ऊन कोरडं असतं. घाम येतो आणि वाळतो, माणूस सावली शोधतो, दुपारी कूलरसमोर बसतो. मालदीवमध्ये पारा 30 च्या आसपास, वारा सुटलेला, अंग ओलं. त्यामुळे भाजतंय हे कळतच नाही. पण बेटं विषुववृत्ताजवळ आहेत, अतिनील किरण फार तीव्र, ढगाळ दिवशीही. सगळ्यात वाईट भाजते ती स्नॉर्केलिंग (मास्क-नळी लावून पाण्याखालचं बघत पोहणं) करणाऱ्याची पाठ आणि गुडघ्यामागची त्वचा, कारण तासभर तोंड पाण्यात आणि पाठ उन्हात. पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा टी-शर्ट सहाही जणांना घ्या. सनस्क्रीनचं माप: मोठ्या माणसाच्या उघड्या अंगाला एका वेळी 30 ते 35 मिलि लागतं, दर दोन तासांनी आणि पाण्यातून आल्यावर पुन्हा. म्हणजे 100 मिलिची ट्यूब एका माणसाला तीन वेळा. लोक वाटाण्याएवढं लावतात आणि म्हणतात सनस्क्रीन बेकार आहे. पूर्ण कपडे घातले तर फक्त चेहरा, मान, हात-पाय उरतात आणि सहा जणांना पाच दिवस चार-पाच ट्यूब पुरतात. त्या नागपुरातूनच न्या. सकाळी दहा ते तीन मुलांना सावलीत ठेवा.

पाणी. आपल्याकडे समुद्र नाही. फुटाळा तलावाच्या काठावर फिरायला जाणं वेगळं आणि प्रवाहाच्या पाण्यात उतरणं वेगळं. पोहायला येतं म्हणणाऱ्यांनीही महिनाभर आधी शहरातल्या एखाद्या तरणतलावात मास्क आणि नळी लावून सराव करावा. मास्क बसतो का ते बघायचं: पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवा, नाकाने श्वास आत ओढा, मास्क चिकटून राहिला तर मापाचा. आजोबांना मिशी असेल तर नाकाखालून पाणी शिरणारच, त्यांनी घाबरून जाऊ नये म्हणून हे आधी माहीत हवं. काचेवर धुकं बसू नये म्हणून बेबी शाम्पूचा एक थेंब चोळून धुवा.

बेटाभोवती उथळ खाजण असतं, त्यापुढे प्रवाळाची कडा, आणि कडेपलीकडे तळ एकदम खोल जातो. मुलांनी आणि न पोहणाऱ्यांनी खाजणातच राहावं, लाइफ जॅकेट घालून. कडेवर जाणाऱ्यांनी आधी डाइव्ह सेंटरमध्ये विचारावं, आज प्रवाह कोणत्या दिशेला आहे. सुरुवात प्रवाहाच्या विरुद्ध दिशेने करायची, म्हणजे दमल्यावर पाणीच परत आणतं. उलट केलं की माणूस सहज वाहत जातो आणि परतीला ताकद उरत नाही. एकट्याने कधीच नाही. किनाऱ्यावर जीवरक्षक असेलच असं धरू नका, पाच वर्षांच्या मुलाजवळ कायम एक मोठं माणूस हाताच्या अंतरावर हवं. हृदयाचा त्रास असलेल्यांनी स्नॉर्केलिंग डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये, त्यात वाटतो त्यापेक्षा जास्त ताण पडतो. प्रवाळावर उभं राहू नका. पायाला जखम होते आणि प्रवाळही मरतो. रबरी तळाचे पाण्यातले बूट घाला, वाळूत दगडासारखा दिसणारा विषारी मासा असू शकतो. टायटन ट्रिगरफिश नावाचा मोठा मासा घरट्याजवळ अंगावर येतो. त्याची हद्द वर रुंद होत जाणाऱ्या शंकूसारखी असते, म्हणून वर न जाता आडवं पोहून लांब व्हायचं. स्कूबाची चाचणी डुबकी 10 वर्षांपासून करता येते, तुमच्या थोरल्याला चालेल. फक्त शेवटच्या दिवशी नको: एका डुबकीनंतर विमानात बसायला किमान 12 तास, अनेक डुबक्यांनंतर 18 तास. मी 24 धरायला सांगेन.

विमा वगळू नका. सत्तरीच्या माणसांचा हप्ता जास्त असतो, म्हणून लोक मुलांचा काढतात आणि आजी-आजोबांचा सोडतात, नेमकं उलट व्हायला हवं. बीपी, मधुमेह जे आहे ते अर्जात लिहा, लपवलेल्या आजारावर दावा नाकारला जातो. मोठ्या बेटावर दवाखाना असतो, पण गंभीर झालं तर बोटीने किंवा विमानाने मालेला न्यावं लागतं आणि तो खर्च मोठा आहे. हा खर्च पॉलिसीत आहे का तेवढं वाचा.

आणि जर आजींच्या गुडघ्यांमुळे बोटीचाच प्रश्न असेल, तर मॉरिशस बघा. व्हिसा लागत नाही, मुंबईहून थेट विमान आहे, पुढे सगळा प्रवास गाडीने. मोठे ऑल-इन्क्लुझिव्ह रिसॉर्ट तिथेही आहेत, पण गेटबाहेर गाव, दुकानं, भारतीय वळणाचं जेवण असल्यामुळे प्लॅन नाश्ता आणि रात्रीच्या जेवणाचा पुरतो. मराठी बोलणारा समाज तिथे पिढ्यान्‌पिढ्या आहे, गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते, आणि आजीला मूर्ती घरी ठेवून जाण्याचीही गरज नाही. जानेवारी ते मार्च वादळांचा काळ टाळा. दिवाळीत हवा उत्तम.

मालदीवच पक्कं केलंत तर पोहोचल्यावर तीन गोष्टी पहिल्या तासातच करा. घड्याळ विचारा: माले भारतापेक्षा अर्धा तास मागे आहे, पण अनेक बेटं स्वतःचं घड्याळ एक तास पुढे ठेवतात, आणि परतीची बोट कोणत्या घड्याळाने सुटते ते लिहून घ्या. प्लॅनमध्ये काय आहे त्याचा छापील कागद मागा. आणि मुख्य बुफेखेरीज एखादं रेस्टॉरंट तुमच्या प्लॅनमध्ये बसत असेल तर त्याची जागा लगेच राखून ठेवा, मोठ्या रिसॉर्टमध्ये ती दोन दिवस आधी भरते. 1 आणि 5 डॉलरच्या स्वच्छ, न फाटलेल्या नोटा सोबत असू द्या. सेवा शुल्क बिलात असतंच, पण आपलं शाकाहारी ताट सांभाळणाऱ्या वेटरला आणि खोली आवरणाऱ्याला हातात काहीतरी द्यावं. निघायच्या आदल्या संध्याकाळी खोलीचं बिल मागवा आणि सही केलेल्या प्रत्येक चिठ्ठीशी ताडून बघा. सकाळी बोट धक्क्यावर उभी असताना काउंटरवर चुका दुरुस्त होत नाहीत.